हंड्यावरचं नाव आणि ग्रंथालयातलं गाव : घराण्याचा इतिहास शोधायला निघालेल्यांसाठी

आमच्या माळ्यावर तांब्याचा एक हंडा होता. पाणी तापवून तापवून बूड काळंकुट्ट झालेलं, एका बाजूला पोचा आलेला. पण गळ्याखाली ठोके मारून कोरलेली अक्षरं स्वच्छ होती. आधी 'कै.', मग माझ्या पणजोबांचं नाव, मग 'यांचे स्मरणार्थ, शके १८४०'.

घरात सगळे सांगायचे की पणजोबा प्लेगात गेले. आजी मात्र प्लेग हा शब्द कधी वापरायची नाही. ती म्हणायची, "ते मानमोडीत गेले." म्हातारं माणूस काहीतरी जुना शब्द बोलतंय, एवढंच आम्ही धरून चाललो.

पुढे कितीतरी वर्षांनी ग्रंथालयात बसून मी हिशेब केला. शके १८४० म्हणजे १९१८ च्या पाडव्यापासून १९१९ च्या पाडव्यापर्यंतचं वर्ष. त्या वर्षीच्या वर्तमानपत्राचा बांधीव खंड मागवला. सप्टेंबर संपून ऑक्टोबर सुरू झाला आणि पानापानावर एकच विषय दिसायला लागला, तापाची साथ. इन्फ्लुएंझाची ती साथ मुंबईतून गावोगाव पसरली होती, आणि आपल्याकडच्या लोकांनी तिला नाव दिलं होतं मानमोडी. आजीचा शब्द अक्षरशः खरा होता. आम्हीच ऐकत नव्हतो. नंतर तालुक्याला जाऊन गावची जुनी मृत्यूनोंद काढली. कारणाच्या रकान्यात एकच शब्द होता, 'ताप'. त्याच आठवड्यात त्याच वाडीतली आणखी अकरा नावं होती. मी ती सगळी उतरवून घेतली. ती कोणाची तरी पणजोबा-पणजी होती.

हा लेख त्या वाटेने पहिल्यांदाच निघालेल्या माणसासाठी आहे. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी असायची गरज नाही. जवळच्या सार्वजनिक ग्रंथालयाची वर्गणी आणि मोकळे शनिवार, एवढ्यावर बरंच काही हाती लागतं.

आधी घर धुंडाळा

ग्रंथालयात रिकाम्या हाताने गेलात तर रिकाम्या हातानेच परत याल. म्हणून पहिले पंधरा दिवस घरात घालवा. भांड्यांवरची नावं बघा. आपल्याकडे लग्नात, मुंजीत, बारशाला दिलेल्या भांड्यावर देणाऱ्याचं नाव आणि तारीख घालायची पद्धत आहे. एकेक तपेली म्हणजे नात्याचा एकेक दाखलाच असतो. जुन्या लग्नपत्रिका, शाळा सोडल्याचे दाखले, फोटोंच्या पाठीमागचा मजकूर, पोथीच्या कोऱ्या पानावर टिपलेल्या जन्मवेळा, जन्मपत्रिका, गिरणीचा किंवा रेल्वेचा पास, वतनाचा किंवा शेताचा एखादा कागद, हे सगळं एका ठिकाणी आणा.

मग घरातल्या वडीलधाऱ्यांशी बोला. पण "आपली वंशावळ सांगा" असं विचारू नका. त्यावर "मला काय आठवतंय आता" हेच उत्तर येतं. विचारा, "आपल्याकडे सुतक कोणाकोणाचं पाळतात?" या एका प्रश्नाने भाऊबंदांची अख्खी यादी बाहेर पडते. विचारा, "आपलं देवक काय? कुलदैवत कुठलं? गावच्या जत्रेत आपल्याकडे मान कसला असतो?" कोकणातली माणसं असतील तर विचारा, "मुंबईहून गावी जाताना कुठल्या बंदराला उतरायचात?" हर्णै, दाभोळ की जयगड, यावरून गाव नेमकं कुठल्या पट्ट्यातलं ते कळतं. देशावरच्यांना विचारा की बाजार कुठल्या वारी आणि कुठल्या गावचा करायचे.

आत्याबाईंना, मावशांना विसरू नका. माहेर-सासर अशा दोन्ही घरांची माहिती फक्त बायकांकडेच असते. आमच्याकडे सगळ्यात जास्त नावं सांगितली ती वडिलांच्या आत्याने. तिला याआधी कोणी काही विचारलंच नव्हतं.

ऐकलेलं सगळं एका कागदावर लिहा आणि प्रत्येक गोष्टीपुढे ती कोणी सांगितली ते लिहा. आजीचं 'मानमोडी' मी लिहून ठेवलं होतं, म्हणून ते उपयोगाला आलं.

नाव शोधू नका, गाव शोधा

नवखा माणूस ग्रंथालयात जाऊन आपलं आडनाव शोधायला लागतो. दोन तासांनी कंटाळून घरी जातो आणि आपल्या घराण्यावर कुठे काही लिहिलेलंच नाही असं ठरवून टाकतो. खरं तर साध्या शेतकरी, कारागीर, गिरणीकामगार घराण्याचं नाव छापील पुस्तकाच्या सूचीत क्वचितच सापडतं. शिवाय शंभर-दीडशे वर्षांपूर्वी आडनाव आजच्यासारखं पक्कं नव्हतं. तोच माणूस गावी असताना बापाच्या नावाने ओळखला जाई आणि शहरात गेला की गावाच्या नावाला 'कर' लावून हजेरीपटावर चढे. सख्ख्या भावांची आडनावं वेगवेगळी झालेली मी स्वतः पाहिली आहेत.

गावाचं तसं नाही. गाव सूचीत असतं, नकाशात असतं, बातमीत असतं, सनदेत असतं. म्हणून आपल्या कागदाच्या डोक्यावर तीन गोष्टी लिहा : गाव, काळ, धंदा. 'चिपळूण तालुक्यातलं अमुक गाव, १९०० ते १९२०, शेती आणि नंतर गिरणी', एवढं असलं की शोधाला दिशा येते.

त्यानंतरचा प्रश्न असतो की त्या काळात त्या गावावर राज्य कोणाचं होतं. याचं उत्तर चुकलं तर सगळी मेहनत वाया जाते. पुणे, सातारा, रत्नागिरी, नाशिक, खानदेश हे मुंबई इलाख्यात. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात, त्यामुळे तिथल्या बऱ्याच सरकारी कागदांत उर्दू भेटते. नागपूरकडचा भाग मध्य प्रांतात, वऱ्हाड १८५३ पासून इंग्रजांच्या कारभाराखाली. त्यात पुन्हा कोल्हापूर, सांगली, मिरज, औंध, फलटण, भोर, सावंतवाडी, जंजिरा, जव्हार ही संस्थानं. शेजारशेजारची दोन गावं दोन वेगळ्या राजवटींत असत आणि त्यांची दप्तरंही वेगळ्या ठिकाणी गेली.

कुठल्या ग्रंथालयात जायचं

माझा सल्ला असा की सुरुवात मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयापासून करू नका. पहिल्यांदा तुमच्या मूळ गावच्या तालुक्याच्या वाचनालयात जा. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर महाराष्ट्रात अ, ब, क, ड वर्गांची ग्रंथालयं गावोगाव झाली. त्यातल्या लहानशा 'क' वर्गाच्या वाचनालयातही एक कपाट असं असतं की जे पुण्या-मुंबईत मिळायचं नाही. देवस्थानाच्या जीर्णोद्धाराची पुस्तिका, शाळेच्या शताब्दीची स्मरणिका, निवृत्त मास्तरांनी पदरचे पैसे घालून छापलेला गावाचा इतिहास, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळाचा अहवाल. यांच्या दोन-तीनशे प्रती निघतात आणि त्यातली एक लेखक स्वतः येऊन वाचनालयात देऊन जातो.

त्यानंतर जिल्ह्याचं जुनं ग्रंथालय. आपल्याकडची काही ग्रंथालयं खरोखरच जुनी आहेत : रत्नागिरीचं १८२८ चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर १८५० चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ मध्ये सुरू झालं. जुन्या नियतकालिकांसाठी आणि दुर्मिळ पुस्तकांसाठी ही ठिकाणं आहेत. मुंबईत टाऊन हॉलच्या इमारतीत एशियाटिक सोसायटी आणि राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे. १९५४ च्या कायद्याप्रमाणे देशात छापलेल्या पुस्तकांच्या प्रती ज्या मोजक्या ग्रंथालयांकडे पाठवायच्या असतात, त्यांत मुंबईचं हे मध्यवर्ती ग्रंथालय आहे. म्हणून स्वातंत्र्यानंतरचं एखादं पुस्तक कुठेच मिळेना तर तिथे विचारून बघावं.

निघण्यापूर्वी फोन करा. साप्ताहिक सुट्टी प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि संदर्भ विभागाची वेळ देवघेवीच्या वेळेपेक्षा बहुधा कमी असते. ओळखपत्र न्या. वही आणि पेन्सिल न्या, कारण जुन्या कागदांजवळ शाईचं पेन बऱ्याच ठिकाणी चालत नाही. नाकाला बांधायला रुमाल न्या. चाळीस वर्षं न उघडलेला खंड उघडला की धुळीने पुढचे दोन दिवस शिंका येतात. भिंगही न्या, जुन्या वर्तमानपत्रांचा टाइप फार बारीक असतो.

ग्रंथपालांशी कसं बोलायचं

"मला माझ्या घराण्याची माहिती हवी आहे" असं म्हटलं तर ग्रंथपाल बिचारे काय देणार? त्याऐवजी असं विचारा : "मला या तालुक्यावरची सगळी स्थानिक पुस्तकं बघायची आहेत. जुनं गॅझेटिअर आहे का? १९१८ सालचे वर्तमानपत्रांचे बांधीव खंड आहेत का? कुलवृत्तांत कुठल्या कपाटात ठेवता?" नेमकं विचारलं की समोरचा माणूस उठतो. (गॅझेटिअर म्हणजे जिल्ह्याची सगळी माहिती देणारा सरकारी ग्रंथ, कुलवृत्तांत म्हणजे एखाद्या घराण्याचा छापील इतिहास.) ड्युई पद्धतीने, म्हणजे विषयवार क्रमांक देऊन, लावलेल्या ग्रंथालयात कुलवृत्तांत आणि वंशावळी ९२९ या क्रमांकाला, चरित्रं ९२० ला आणि आपल्याकडचा इतिहास ९५४ च्या आसपास मिळतो. लहान वाचनालयांत क्रमांकांवर विसंबू नका. तिथे दाखल नोंदवही मागा. आलेलं प्रत्येक पुस्तक तारखेप्रमाणे तिच्यात चढवलेलं असतं आणि देणगी देणाऱ्याचं नावही पुष्कळदा असतं. त्या नोंदवहीत दुपारभर बसलात तर कपाटात हरवलेली पुस्तकंसुद्धा सापडतात.

फोटो काढायची परवानगी आधी मागा. मिळाली की पहिला फोटो पुस्तकाच्या शीर्षकपानाचा, दुसरा प्रकाशनाच्या सालाचा आणि मग हव्या त्या पानाचा काढा. मी सुरुवातीला नुसत्या पानांचे फोटो काढत सुटले होते. सहा महिन्यांनी मोबाइलमध्ये दोनशे पानं होती आणि कुठलं कुठल्या पुस्तकातलं याचा पत्ता नव्हता. ते सगळं काम मला पुन्हा करावं लागलं.

कपाटातून काय काढायचं

पहिलं गॅझेटिअर. जेम्स कॅम्बेल यांच्या देखरेखीखाली मुंबई इलाख्याची जिल्हावार गॅझेटिअर निघाली : रत्नागिरी-सावंतवाडी आणि खानदेश १८८०, ठाणे १८८२, नाशिक आणि कुलाबा १८८३, अहमदनगर आणि सोलापूर १८८४, पुणे आणि सातारा १८८५, कोल्हापूर १८८६. इंग्रजीत आहेत, पण इंग्रजी सोपं आहे. शेवटच्या प्रकरणात महत्त्वाच्या गावांची माहिती अक्षरवारीने दिलेली असते. त्याआधीच्या प्रकरणांत त्या जिल्ह्यातले समाज, त्यांचे धंदे, घरं, खाणं, मजुरीचे दर, दुष्काळ, घाटरस्ते आणि बंदरं येतात. तुमच्या पणजोबांचं नाव त्यात नसेल. पण ते कसल्या घरात राहत असतील, तालुक्यातली माणसं कामाला कुठे जात, कुठल्या वाटेने जात, हे असतं. ही पुस्तकं राज्यकर्त्यांच्या नजरेने लिहिलेली आहेत, काही समाजांबद्दलची वाक्यं वाचून संताप येतो. ती वाक्यं तशीच त्यांच्या पदरात ठेवा आणि माहिती घ्या. राज्य शासनाच्या संकेतस्थळावरही ती वाचता येतात. नावांचं स्पेलिंग जुनं असतं, त्यामुळे गाव सापडलं नाही तर दोन-तीन प्रकारे शोधा.

दुसरं, जिल्हा जनगणना पुस्तिका. १९५१ पासूनच्या या पुस्तिकांत गावाची लोकसंख्या, शाळा, टपाल कचेरी, पाण्याची सोय अशी माहिती येते. रुक्ष वाटते, पण 'आजोबा चौथीनंतर का शिकले नाहीत' याचं उत्तर मला तिथे मिळालं. पुढची इयत्ता गावात नव्हतीच.

तिसरा, कुलवृत्तांत. यावर थोडं थांबून बोलायला हवं. विसाव्या शतकात पुष्कळ घराण्यांनी आपापले कुलवृत्तांत छापले. त्यात ब्राह्मण घराण्यांचे, विशेषतः चित्पावनांचे, फार आहेत, पण इतर समाजांचेही आहेत आणि अलीकडे वाढत आहेत. तुमच्या आडनावाचा मिळाला तर एकदम सात-आठ पिढ्या समोर येतात. तरी त्यातलं सगळं एकाच मापाने घेऊ नका. सुरुवातीची गोत्र-प्रवर, मूळ पुरुष, कुठून कसे आले ही प्रकरणं श्रद्धेने लिहिलेली असतात. जिथपासून कागदाचा, सनदेचा, दानपत्राचा आधार दिला आहे तिथपासून ते इतिहास म्हणून वाचा. आणि आपल्या घरात आलेल्या सुनांच्या नोंदी नक्की बघा. पुष्कळ कुलवृत्तांतांत माहेरचं नाव, गाव दिलेलं असतं. आपल्या आडनावाचा कुलवृत्तांत नसेल तर पणजीच्या माहेरच्या आडनावाचा काढून बघा. ज्या बाईचं नाव लग्नात बदललं, ती तिथे मूळ नावाने भेटू शकते.

ज्यांच्या घराण्याचा कुलवृत्तांत कोणी कधी छापला नाही, त्यांनी निराश होऊ नये. त्यांनी वर्तमानपत्रांकडे आणि चळवळींच्या कागदांकडे वळावं. 'ज्ञानोदय' १८४२ पासूनचा, सत्यशोधक विचाराचा 'दीनबंधु' १८७७ चा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं 'मूकनायक' १९२० चं आणि 'बहिष्कृत भारत' १९२७ चं, ही दोन्ही शासनाने पुन्हा छापली आहेत, त्यामुळे बऱ्याच ग्रंथालयांत मिळतात. सभा-परिषदांच्या वृत्तांतांत गावांची आणि साध्या कार्यकर्त्यांची नावं येतात. स्वातंत्र्यसैनिकांचे विभागवार चरित्रकोश शासनाने काढले आहेत, त्यात तुरुंगात गेलेल्या खेड्यापाड्यांतल्या माणसांच्या नोंदी आहेत. फौजेत गेलेल्या घराण्यांनी गावच्या चावडीवर किंवा शाळेवर संगमरवरी पाटी आहे का ते बघावं. पहिल्या महायुद्धाला गावातून किती जण गेले आणि किती परत आले नाहीत, हे सातारा आणि रत्नागिरीकडच्या कितीतरी गावांत कोरून ठेवलेलं आहे.

चौथं, छापलेली साधनं. राजवाड्यांनी काढलेले 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' हे २२ खंड आणि रियासतकार सरदेसाईंनी संपादलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड मोठ्या ग्रंथालयांत असतात. पहिल्या पानापासून वाचायला बसू नका. स्थलसूची असेल तर ती काढा, आपलं गाव आणि आजूबाजूची चार गावं बघा. पाटीलकीचा तंटा, देवाच्या दिव्याची नेमणूक, विहिरीचा निवाडा, यात अचानक आपल्या वाडीतलं नाव उठून येतं.

शासनाच्या राजपत्राचीही आठवण ठेवा. नाव किंवा आडनाव बदलल्याची जाहिरात त्यात येते. घरात कोणी 'आपलं आधीचं आडनाव वेगळं होतं' म्हणत असेल तर अंदाजे वर्षं धरून ते खंड चाळणं फुकट जात नाही.

साल आणि 'बिन', 'कोम'

जुन्या कागदावर '१३००' दिसलं म्हणून ज्ञानेश्वरांच्या काळात जाऊ नका. आपल्याकडे निदान चार कालगणना एकाच वेळी चालत होत्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या दिवसांसाठी ७९. महसुली कागदांतला फसली सन जूनच्या सुमाराला बदलतो, त्यात ५९० मिळवा, जानेवारीनंतर ५९१. म्हणजे फसली १३०० हे १८९०-९१. त्याहून जुन्या मराठी कागदांत सुहूर सन येतो, त्यात ५९९ किंवा ६००. तो आकड्यांऐवजी अरबी शब्दांत लिहिलेला असतो आणि आधी एकक, मग दहक असा उलटा वाचायचा असतो. 'इहिदे सितैन मया व अलफ' म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. जानेवारी १७६१ मधलं पानिपत याच वर्षातलं. हे सगळं तोंडपाठ करायची गरज नाही. संदर्भ विभागात 'जंत्री' मागा, तिच्यात तारखा जुळवून दिलेल्या असतात.

नावांचंही तंत्र समजून घ्या. 'रामजी बिन सखोजी' म्हणजे सखोजीचा मुलगा रामजी. काही कागदांत 'बिन'ऐवजी 'वलद' येतं. बाईच्या नावापुढे 'कोम' आलं तर त्यानंतरचं नाव नवऱ्याचं. 'मौजे' म्हणजे गाव, 'कसबे' म्हणजे बाजाराचं मोठं गाव, 'तर्फ' आणि 'परगणा' हे त्यावरचे विभाग. हे आठ-दहा शब्द कळले की निम्मा कागद उलगडतो. आणि लक्षात घ्या, आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. एकाच घरात तीन सखोजी भेटले तर ते एकच समजू नका, साल बघा.

मोडी

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत आपल्याकडचे व्यवहार मोडीत लिहिले जात. त्यामुळे शंभर वर्षांमागे जायचं तर मोडीला टाळून चालत नाही. घाबरण्यासारखं काही नाही, भाषा मराठीच आहे, फक्त अक्षरं हात न उचलता लिहिलेली. रोज अर्धा तास बसलात तर काही आठवड्यांत अक्षरओळख होते. कोणाचंही हस्ताक्षर भराभर वाचायला मात्र वर्ष-दोन वर्षं जातात. पुण्यातलं भारत इतिहास संशोधक मंडळ, जे १९१० पासून काम करतंय, तसंच काही विद्यापीठं आणि ग्रंथालयं मोडीचे वर्ग घेतात. स्वतः शिकायचं नसेल तर मोडी जाणकाराकडून वाचून घ्या, पण एक करा : आपल्या गावाचं नाव आणि घरात चालत आलेली चार-पाच नावं मोडीत कशी दिसतात ते गिरवून पाठ करा. तेवढ्यावरसुद्धा दहा कागदांतला आपला कागद कुठला ते ओळखता येतं. मी पणजोबांचं नाव असंच गिरवलं होतं. पहिल्यांदा ते जुन्या कागदावर ओळखू आलं तेव्हा ग्रंथालयात मोठ्याने 'सापडलं' म्हणून ओरडले, आणि शेजारी अभ्यास करणाऱ्या मुलांनी हसून टाळ्या वाजवल्या.

ग्रंथालयातून कचेरीकडे

ग्रंथालयातून गाव, काळ आणि धंदा पक्का झाला की कचेऱ्यांकडे जा. आधी गेलात तर "साल सांगा" या पहिल्याच प्रश्नाला अडाल. गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, ज्यांना कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४ म्हणतात, तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात मिळतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये जन्मतारीख, बापाचं नाव, आधीची शाळा असते. जमिनीचे फेरफार तर वंशावळीचा खजिनाच आहे, कारण माणूस वारला की वारसांची नावं लागतात, त्यात मुलीसुद्धा येतात. काही जिल्ह्यांचे जुने जमिनीचे अभिलेख 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावरही आहेत. त्याहून मागे जायचं तर पुराभिलेखागार, म्हणजे जुनी सरकारी दप्तरं जपणारी कचेरी : मुंबई, पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे आहेत. पुण्याचं पेशवे दप्तर त्यातलंच.

कचेरीत "वाळवी लागली", "पुरात गेलं" असं ऐकायला मिळेल. मलाही एका ठिकाणी तसंच सांगितलं, आणि तिसऱ्या खेपेला तीच वही दुसऱ्या खोलीतल्या पेटीत निघाली. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, आणि पुन्हा जा.

छापील आणि सरकारी कागदांबाहेरचीही एक परंपरा आहे. त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया इथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या. यात्रेला आलेल्या माणसाने स्वतःच्या हाताने गाव, बाप, आजा, भाऊ लिहून ठेवलेले असतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी घरोघर येऊन चोपडीतून पिढ्या वाचून दाखवतात. गावी हेळवी आले तर चहा द्या, बसवा, ऐका, आणि परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करा.

गोव्यातल्या घराण्यांची सुरुवात पणजीच्या कृष्णदास शामा मध्यवर्ती ग्रंथालयातून करावी. ते १८३२ चं आहे. तिथले जुने कागद पोर्तुगीजमध्ये असतात आणि गावकरीच्या, म्हणजे कोमुनिदादच्या नोंदींत गावकऱ्यांची घराणी कळतात. बडोद्याच्या मराठी घरांनी सयाजीराव महाराजांनी उभ्या केलेल्या मध्यवर्ती ग्रंथालयात जावं, तंजावरकडच्यांनी सरस्वती महालात, तिथे मोडी कागदही आहेत. परदेशात असाल तर इंटरनेट आर्काइव्हवर जुनी मराठी पुस्तकं शोधा. हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांची मायक्रोफिल्म फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळाच्या मूळ संस्थेने केलेली आहे.

जे सापडेल ते कसं ठेवायचं

प्रत्येक माणसाला एक पान द्या. नाव, अंदाजे साल, गाव, आणि प्रत्येक ओळीपुढे ती कुठून आली ते. ऐकीव गोष्ट पेन्सिलीने आणि कागदावर मिळालेली शाईने, अशी मी सवय लावून घेतली आहे. 'प्लेगात गेले' हे माझ्या वहीत अजूनही पेन्सिलीने आहे, खोडलेलं नाही. ते कोणी सांगितलं हेही तिथे आहे. जिवंत माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, जमिनीचे तंटे कोणालाही दाखवायच्या प्रतीत घालू नका. कोणाचं दुसरं लग्न, कोणाचं दत्तक जाणं, कोणाची जात बदललेली नोंद, असलं काही निघालं तर आधी त्या घरातल्या माणसांशी बोला.

काम थोडं आकाराला आलं की त्याची एक छापील प्रत, साध्या झेरॉक्सची आणि स्पायरल बांधलेली चालेल, तालुक्याच्या वाचनालयात देऊन या. ग्रंथपालांना सांगून ती दाखल नोंदवहीत चढवून घ्या. मी माझी प्रत दिली तेव्हा सोबत त्या आठवड्यातली मानमोडीची अकरा नावंही जोडली होती. पुढच्या मे महिन्यात ग्रंथपालांचा फोन आला. सुट्टीत गावी आलेला एक मुलगा त्या पानावरचं चौथं नाव बघून म्हणत होता, हे माझ्या आजोबांचे वडील आहेत, आणि ही यादी ज्यांनी दिली त्यांच्याशी बोलायचं आहे.